कुत्र्यांच्या गर्दीतला बार

१४ नोव्हेंबर १९०२. मिसिसिपी राज्यातल्या ऑनवर्ड गावाजवळचं दलदलीचं, कळकासारख्या वेतानं गच्च भरलेलं रान. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अस्वलाच्या शिकारीला आले होते आणि शिकारीची सगळी सूत्रं होल्ट कॉलिअर नावाच्या माणसाच्या हातात होती. कॉलिअर जन्मानं गुलाम. पुढे तो त्या मुलखातला सर्वांत नावाजलेला अस्वलांचा शिकारी झाला. आयुष्यात त्यानं तीन हजारांवर अस्वलं मारली असं सांगतात. त्यानं रूझवेल्टना एका मोक्याच्या जागी उभं केलं, कुत्री सोडली आणि तो त्यांच्यामागे गेला. दुपार झाली तरी अस्वल येईना, म्हणून राष्ट्राध्यक्ष तळावर जेवायला परतले. नेमकं तेव्हाच कुत्र्यांनी अस्वलाला पाण्याच्या एका डबक्यात कोंडलं. अस्वलानं एका कुत्र्याला पकडलं. कॉलिअर घोड्यावरून उतरला, हातातली बंदूक उलटी धरली आणि दस्ता अस्वलाच्या टाळक्यात घातला. मग दोराचा फास टाकून त्याला झाडाला बांधलं आणि पाहुण्यांना बोलावणं धाडलं.

बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. जखमी अस्वलाला पुढे सुरीनं संपवावं लागलं, हा भाग गोष्टीत सहसा येत नाही. दोनच दिवसांनी क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र छापून आलं, ब्रुकलिनच्या मॉरिस मिक्टम यांनी दुकानात ‘टेडीचं अस्वल’ म्हणून बाहुलं मांडलं आणि जगभरच्या पोरांना खेळणं मिळालं.

टेडी बेअरची ही जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यातली ती बंदूक सतावते. भरलेली बंदूक हातात असताना एवढ्या कसबी शिकाऱ्यानं ती लाठीसारखी का वापरली? एक कारण उघड आहे: सावज राष्ट्राध्यक्षांसाठी राखलेलं होतं. पण क्षणभर राष्ट्राध्यक्षांना बाजूला ठेवा. मधोमध अस्वल, त्याला चारी बाजूंनी कुत्री झोंबलेली, एक त्याच्या मिठीत, आणि शिकारी हाताच्या अंतरावर. इथे बार काढला तर अस्वलातून आरपार गेलेली गोळी कुठे थांबेल?

शिकारी कुत्र्यांसह अस्वलामागे जाणाऱ्या माणसानं कोणती बंदूक घ्यावी, हा या प्रकरणाचा विषय. पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं, कारण ही बंदूक अस्वलाकडे बघून निवडायची नसते, कुत्र्यांकडे बघून निवडायची असते.

सावजाची ओळख आधी करून घेऊ. आपल्या मेळघाटातलं किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगेतलं अस्वल डोळ्यांसमोर आणू नका. आपलं अस्वल वाघाच्या शेजारात वाढलेलं. मधाच्या पोळ्यासाठी ते झाडावर चढेल, पण जीव वाचवायला चढत नाही. संकट आलं की सरळ अंगावर येतं. अमेरिकेचं काळं अस्वल नेमकं उलट्या स्वभावाचं. त्याच्या नख्या आखूड आणि वाकड्या, खोडाला धरायला केल्यासारख्या. पिल्लू असल्यापासून आई त्याला धोका दिसताच झाडावर पिटाळते आणि ही सवय मोठेपणीही सुटत नाही. त्याचा थोरला चुलता ग्रिझली. त्याच्या नख्या लांब, जमीन उकरायला बनलेल्या, त्यामुळे वयात आलेला ग्रिझली झाडावर क्वचितच चढतो. कुत्र्यांची ही सगळी शिकार काळ्या अस्वलाच्या त्या एका सवयीवर उभी आहे. ती नसती तर कुत्र्यांना दिवसभर पळवून अस्वल निघून गेलं असतं, किंवा रोज दोन-चार कुत्री मेली असती.

वजनाचं म्हणाल तर अंदाज करणं कठीण. एखादी मादी पन्नास-साठ किलोची असते, चांगला पोसलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या क्रेव्हन काउंटीत १९९८ साली ८८० पौंडांचं, म्हणजे जवळजवळ ४०० किलोंचं अस्वल मारलं गेलं. तिथल्या किनारपट्टीकडची अस्वलं मक्यावर, सोयाबीनवर, भुईमुगावर पोसतात. शेतकऱ्याच्या जिवावर माजलेलं जनावर तिथेही असतं.

आता कुत्री. त्याच राज्याच्या पश्चिमेला, स्मोकी पर्वताच्या परिसरात, प्लॉट नावाची जात तयार झाली. योहानेस प्लॉट नावाचा तरुण १७५० साली जर्मनीहून पाच कुत्री घेऊन आला आणि त्याच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या ती अस्वलासाठी जोपासली, अशी परंपरागत कथा आहे. त्या कुटुंबाच्या नावाची डोंगररांगही तिथे आहे, प्लॉट बाल्सम्स. अंगावर वाघासारखे पुसट पट्टे, सडपातळ, हट्टी. १९८९ साली ही जात नॉर्थ कॅरोलायनाचा राज्य-श्वान झाली. हिच्या जोडीला ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, रेडबोन, ब्लॅक अँड टॅन अशा जाती असतात. त्या मुळात रॅकूनच्या शिकारीसाठी घडवलेल्या.

पहाटे शिकारी ट्रक घेऊन जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून हळूहळू फिरतात. सर्वांत तिखट नाकाचा कुत्रा ट्रकच्या टपावर किंवा बॉनेटवर बसवलेल्या फळीवर उभा असतो. रात्री जिथे अस्वलानं रस्ता ओलांडला तिथे तो एकदम ओरडायला लागतो. माग ताजा आहे की शिळा, हे त्याच्या आवाजावरून मालकाला कळतं. मग दोन-तीन जुनी कुत्री मागावर सोडतात, आणि अस्वल उठलं की बाकीची. किती सोडायची यावर कायद्याचं बंधन असू शकतं; विस्कॉन्सिनमध्ये एका वेळी सहाच. पुढची शिकार माणूस कानांनी करतो. मागावर असलेलं कुत्रं लांब हेल काढून रडल्यासारखं भुंकतं. अस्वल झाडावर चढलं की तेच भुंकणं तुटक, भराभर, एकाच जागेवरून यायला लागतं. हल्ली कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात आणि कुठलं कुत्रं कुठे थांबलंय हे हातातल्या पडद्यावर दिसतं. जुने शिकारी तरीही कान देऊन उभे राहतात.

शेवट दोन तऱ्हांनी होतो आणि बंदुकीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

सोपा शेवट म्हणजे अस्वल झाडावर, कुत्री खाली. शिकारी सावकाश पोचतो, दम खातो, वर नीट बघतो. नर आहे का मादी, जवळपासच्या फांद्यांवर पिल्लं आहेत का, सगळं निवांत पाहता येतं. कुत्र्यांचा नाद असलेले कितीतरी लोक इथूनच परत फिरतात. एक फोटो, कुत्र्यांच्या पाठीवर थाप, बस्स. मारायचंच ठरलं तर आधी सगळी कुत्री साखळीनं लांबच्या झाडांना बांधतात. याचं कारण समजून घ्या. वरून पडलेलं अस्वल जिवंत असलं तर ते पडल्यापडल्या जे समोर येईल त्याला धरतं, आणि समोर येणारं नेहमी कुत्रंच असतं. सुटी कुत्री असताना झाडावरच्या अस्वलावर घाईनं बार काढणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बरोबर नेत नाही.

दुसरा शेवट वाईट. काही अस्वलं झाडावर चढतच नाहीत, विशेषतः अवजड नर. असं अस्वल चालत राहतं, थांबतं, फिरून कुत्र्यांवर येतं, पुन्हा चालतं. शेवटी पाठीशी खडक किंवा पडलेलं खोड घेऊन बसतं. जागाही ते अशीच निवडतं की माणसाला उभं राहता येऊ नये. दक्षिण अ‍ॅपलाचियन पर्वतात र्‍होडोडेंड्रॉन आणि लॉरेलची झुडपं डोंगरउतारावर इतकी गुंतून वाढतात की तिथले लोक त्या जाळीला ‘लॉरेलचा नरक’ म्हणतात. किनाऱ्याकडे पोकोसिन नावाची दलदल आहे. काटेरी वेली, सदाहरित झुडपं आणि पायाखाली ओली कुजकी माती. करवंदीच्या जाळीत ज्यानं गुडघ्यावर रांगत चेंडू शोधला आहे त्याला कल्पना येईल, फक्त आत चेंडूऐवजी दीडशे किलोंचं जनावर आणि सहा चवताळलेली कुत्री आहेत. दिसायला लागतं तेव्हा अंतर वीस फूट, कधी दहा. अस्वल एका जागी नसतं, कुत्रीही नसतात. बार काढायला मोकळी अशी अर्ध्या क्षणाची फट मिळते, आणि ती पुन्हा मिळेलच असं नाही.

जुन्या काळी या पेचावर काहींनी काढलेला तोडगा ऐकून आज अंगावर काटा येतो. साउथ कॅरोलायनाचे जनरल वेड हॅम्प्टन कुत्र्यांनी धरलेल्या अस्वलाला सुरीनं मारत. अशी तीस-चाळीस अस्वलं त्यांनी मारल्याची नोंद खुद्द रूझवेल्टनी केली आहे. यात शौर्याची हौस होतीच. पण सुरी आरपार जाऊन पलीकडच्या कुत्र्याला लागत नाही, हा हिशेबही होता.

तर बंदूक. दुकानात गेलेला नवखा माणूस आधी विचारतो, किती ताकदीची? रानात दहा वर्षं काढलेला विचारतो, किती वजनाची आणि किती लांबीची? कारण बार एक, आणि चाल आठ-दहा किलोमीटरांची. तीही सरळ वाटेनं नव्हे, चढउतारावर, एका हातात दोन कुत्र्यांच्या साखळ्या धरून. चार किलोंची, लांब नळीची, वर दुर्बीण बसवलेली रायफल सपाट मैदानात हरणासाठी ठीक. इथे ती दर दहा पावलांना वेलीत अडकते.

म्हणून या शिकारीत शंभर वर्षांहून अधिक काळ लिव्हरची कार्बाइन टिकून आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवरून विंचेस्टर कंपनीनं काढलेलं १८९४चं मॉडेल तिचा नमुना. पुढे सत्तर लाखांवर तयार झालेली बंदूक. वीस इंचांची नळी, वजन तीन किलोंच्या आसपास. अंगानं चपटी, बाहेर आलेलं मॅगझिन नाही, त्यामुळे मधोमध मुठीत धरून चालता येते. चापाखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. बोल्टच्या बंदुकीत उजवा हात दस्त्यावरून उचलावा लागतो, डोकं हलतं, नेम मोडतो. लिव्हरला बंदूक खांद्यावर ठेवूनच दुसरा बार तयार होतो. जिथे दुसऱ्या बाराची गरज एका सेकंदात पडू शकते तिथे ही चैन नव्हे.

या बंदुकीचा घोडा बाहेर असतो, तो उघड्या डोळ्यांनी दिसतो, अंगठ्यानं चाचपता येतो. पण हाच गुण जाळीत दोष ठरतो. फांदीला अडकून घोडा मागे ओढला जाऊन सुटला तर? म्हणून शहाणे लोक चालताना नळीत काडतूस ठेवतच नाहीत. अस्वलाजवळ पोचल्यावर, ज्याला बार काढायचाय त्या एकानंच, बंदूक भरायची. टोळीत पाच जण असले तरी भरलेली बंदूक एक.

या कार्बाइनचं नेहमीचं काडतूस म्हणजे थर्टी-थर्टी. नावात दोनदा तीस कशाला? पहिला तीस नळीच्या पोकळीचा व्यास, ०.३० इंच. दुसरा तीस म्हणजे मुळात भरलेली तीस ग्रेन बिनधुराची दारू, म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी. १८९५ साली हे काडतूस आलं तेव्हा ते नव्या युगाचं होतं. आज बंदुकीच्या शौकिनांत त्याला म्हातारं म्हणतात. पण आकडे बघा. अकरा ग्रॅमची गोळी, नळीतून सुटताना सेकंदाला सुमारे ६७० मीटर. थर्टी-ऑट-सिक्स या दुसऱ्या काडतुसाची जवळपास तेवढ्याच वजनाची गोळी सुटते ती आठशेच्या वर. म्हाताऱ्याची ही कमी चाल दोनशे मीटरांवर लंगडी पडते. वीस फुटांवर मात्र ती उपकाराची ठरते.

ती कशी, ते पाहू. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं असतं. मांसात शिरताच ते छत्रीसारखं फुलतं आणि गोळीला ब्रेक लागतो. गोळी किती वेगानं येते यावर हे फुलणं अवलंबून. फार वेगवान गोळी जवळच्या अंतरावर कधी फुटून तुकडे होते आणि खोल जातच नाही. नाहीतर ती कडक बांध्याची असेल तर दोन्ही बरगड्या ओलांडून पलीकडे निघते, आणि निघताना तिच्यात दुसरं जनावर मारण्याइतका जोर शिल्लक असतो. ते दुसरं जनावर कोण, हे सांगायला नको. उलट फार दुबळी गोळीही चालत नाही. शरद ऋतूत अस्वलाच्या अंगावर चार-चार बोटं चरबी असते आणि वर दाट केस. बारीक भोक चरबीनं मिटतं, रक्त केसांतच जिरतं, मागावर थेंब पडत नाही आणि जखमी अस्वल जाळीत दिसेनासं होतं. कुत्री त्याच्या मागे जातातच. व्हर्जिनिया राज्याचा कायदा अस्वलासाठी रायफल निदान ०.२३ इंचाची असावी असं म्हणतो. कायद्याचा तो तळ आहे, कुत्र्यांच्या गर्दीत जाणाऱ्यानं एवढ्यावर भागवू नये.

थर्टी-थर्टी या दोन टोकांच्या बरोबर मध्ये बसते. तिच्या शेजारी आणखी दोघांना मान आहे. फॉर्टीफोर मॅग्नम हे मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस, १९५५ सालचं. त्याची साडेपंधरा ग्रॅमची बोथट गोळी कार्बाइनच्या नळीतून सुटली की थर्टी-थर्टीच्या ऊर्जेजवळ जाते. रुगर कंपनीनं १९६१ साली याच काडतुसाची छोटी आपोआप भरणारी कार्बाइन काढली. वजन पावणेतीन किलोंच्या आत. १९८५ साली ती बंद झाली, तरी कुत्रेवाले शिकारी ती जुन्या बाजारात शोधत असतात. दुसरी फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटी, अमेरिकी सैन्यानं १८७३ साली घेतलेली. तिच्या जुन्या भारात सव्वीस ग्रॅमचा शिशाचा गोळा काळ्या दारूच्या सत्तर ग्रेनवर संथपणे निघायचा. अस्वलाला ती पुरून उरते. पण हलक्या बंदुकीत तिचा धक्का असा बसतो की दुसऱ्या बाराला नेम परत जागेवर यायला वेळ लागतो, आणि हल्लीच्या जोरकस काडतुसांत ती आरपार जाण्यात कोणाला हार जात नाही. मला विचाराल तर ती घेणारे बरेच जण गरजेपेक्षा रुबाबासाठी घेतात.

लिव्हरच्या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या लांब पोकळ दांड्यात एकामागे एक आडवी झोपलेली असतात. मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे आघातानं पेटणाऱ्या प्रायमरला टेकलेलं. टोकदार गोळी असेल तर बाराच्या हादऱ्यात तीच खिळ्याचं काम करून पुढचं काडतूस दांड्यातच उडवू शकते. म्हणून या बंदुकांच्या गोळ्या सपाट नाकाच्या केल्या. हवेत त्या लवकर मंदावतात, पण जवळून मांसात शिरताना सपाट नाक टोकापेक्षा मोठा घाव करतं. अडचणीतून सुचलेला उपाय या कामाला असा आयताच उपयोगी पडला. मऊ रबरासारख्या टोकाच्या गोळ्या एकविसाव्या शतकात आल्या. वीस फुटांसाठी त्यांची काही गरज नाही.

इथे एक जुनी समजूत मोडून टाकायला हवी. जड, संथ गोळी झुडपं कापत सरळ जाते आणि हलकी वेगवान गोळी भरकटते, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. अशा बंदुकीला ‘झुडपातली बंदूक’ हे नावच पडलंय. प्रत्यक्षात काड्यांच्या पडद्यातून गोळ्या झाडून ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांना आढळलं की भरकटतात सगळ्याच. कोणी थोडी जास्त, कोणी थोडी कमी. फांदीमागे अस्वल आणि अस्वलाला चिकटून कुत्रं असताना ‘जड आहे, जाईल सरळ’ या भरवशावर चाप ओढणं म्हणजे जुगार.

रिव्हॉल्व्हरचा पक्षही ऐकायला हवा, कारण कुत्रेवाल्यांत तो मोठा आहे. दोन्ही हात मोकळे राहतात. साखळ्या धरता येतात, मुळं धरून कडा चढता येतो, जाळीत रांगता येतं. फॉर्टीफोर मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरला १९७१च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटानं अशी प्रसिद्धी दिली की दुकानांत ते मिळेनासं झालं. पण रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून तीच गोळी सेकंदाला सव्वाचारशे मीटरांच्या आसपास सुटते आणि कार्बाइनच्या तुलनेत तिची ऊर्जा साधारण दोन तृतीयांश उरते. ते एकवेळ चालेल. खरी अडचण नेमाची. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात वीतभर अंतर; मनगट केसभर हललं की गोळी हातभर सरकते. धावून आलेला, धापा टाकणारा, हात थरथरणारा माणूस कुत्र्यांच्या मधल्या फटीतून रिव्हॉल्व्हरनं नेम साधेल, यावर मी माझं कुत्रं पणाला लावणार नाही. झाडावरच्या अस्वलासाठी, कुत्री बांधून झाल्यावर, वर्षभर सराव केलेल्या हातात ते ठीक.

शिवाय आवाज. मॅग्नम काडतुसाचा दणका दीडशे डेसिबलच्या वर जातो; कानाला कायमची इजा व्हायला १४० पुरतात. नळी जितकी आखूड तितका दणका तीव्र. माणूस कानात बोळे घालू शकतो. कुत्र्याला ती सोय नाही, आणि बार निघतो तो त्याच्या डोक्यापासून हातभरावर. कुत्र्याचं नाक सगळे जपतात, कानाचा विचार कमी होतो.

छर्‍याच्या बंदुकीबद्दल थोडक्यात. बारा बोअरमध्ये एकसंध गोळी, स्लग, घातली तर अठ्ठावीस ग्रॅम शिसं सेकंदाला पावणेपाचशे मीटरांनी जातं; जवळून तिच्याइतकी निर्णायक गोष्ट थोडी. धक्का सोसत असेल तर कोणी नाव ठेवणार नाही. मोठ्या छर्‍यांचं काडतूस मात्र इथे नको. नऊ छर्रे, प्रत्येक सुमारे ८.४ मिलिमीटरचा, आणि प्रत्येक आपापल्या वाटेनं जाणारा. आठ अस्वलाला लागले आणि नववा कुत्र्याला, तर तो नेम चुकला असंच म्हणायचं.

नेमाच्या साधनातही दुकानदाराचं ऐकू नये. तीन-नऊ पटीची दुर्बीण पंधरा फुटांवर दाखवते फक्त काळे केस. अस्वलाचे की काळ्या कुत्र्याचे, कळत नाही. उघडी माशी, किंवा मागे मोठं गोल भोक असलेलं पीप, किंवा न वाढवता नुसता लाल ठिपका दाखवणारी काच. दोन्ही डोळे उघडे राहिले पाहिजेत, कारण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कुत्रं येत असतं.

आणि नेम कुठे? डोक्यावर नको. अस्वलाचं कपाळ उतरतं, ते सतत मान फिरवतं, आणि कुत्र्यांची तोंडं नेमकी त्याच्या तोंडाजवळ असतात. शिवाय बऱ्याच राज्यांत वन्यजीव खातं अस्वलाचा एक छोटा दात मागतं. झाडाच्या खोडाला वर्तुळं असतात तशी त्या दातात वर्षागणिक थर बसतात आणि त्यावरून वय काढतात. कवटी फुटली की तीही नोंद गेली. फुप्फुसं आणि हृदय, पुढच्या खांद्याच्या लगतचा भाग, हे लक्ष्य. झाडावरच्या अस्वलाकडे खालून बघताना हा हिशेब बदलतो: गोळी छातीत तिरपी वर चढणार. ती चुकली तर आकाशात जाणार आणि काही किलोमीटरांवर कुठेतरी उतरणार. म्हणून अस्वलामागे खोड किंवा डोंगराचा उतार येईल अशी जागा घ्यावी, मग त्यासाठी झाडाला पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागली तरी.

ही सगळी शिकार असावी की नसावी, यावर अमेरिकेत भांडण जुनं आहे. कोलोरॅडोनं १९९२ साली, ओरेगननं १९९४ साली, वॉशिंग्टन आणि मॅसॅच्युसेट्सनं १९९६ साली मतदानानं कुत्र्यांसह अस्वलाची शिकार बंद केली. कॅलिफोर्नियात २०१३पासून ती बंद आहे. मेन राज्यात २००४ आणि २०१४ अशी दोनदा मतं मागितली, दोन्ही वेळा बंदी फेटाळली गेली. विरोधकांचं म्हणणं, दिवसभर पळवून थकवलेल्या जनावराला झाडावर टिपण्यात कसली शिकार. समर्थक म्हणतात, निरखून, नर-मादी ओळखून, नको असेल तर सोडून देता येतं ते याच पद्धतीत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझं मन झाडाखालून फोटो काढून परतणाऱ्यांकडे झुकतं, पण जो मारणार आहे त्यानं एका बारात मारावं, अर्धवट नको, एवढं मी आग्रहानं म्हणेन. आपल्याकडे प्रश्नच मिटलेला आहे: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे.

तर मग निवाडा. आखूड नळीची लिव्हर कार्बाइन, थर्टी-थर्टी किंवा फॉर्टीफोर मॅग्नम, सपाट नाकाची मऊ गोळी, उघडी माशी. खिशात सहा काडतुसं, खांद्यावर कुत्री तितक्या साखळ्या. साखळ्या विसरल्या तर घरी परत यावं. काडतुसं विसरली तरी दिवस चांगला जातो.

अस्वल पडलं की पहिलं काम बंदूक रिकामी करण्याचं. दुसरं काम कुत्री मोजण्याचं. एखादं कमी भरलं तर रात्रभर दिवे घेऊन शोध चालतो. शिकवून तयार केलेल्या कुत्र्याची किंमत हजारो डॉलर असते. विस्कॉन्सिनमध्ये लांडग्यांनी शिकारी कुत्रं मारलं तर सरकार अडीच हजार डॉलरपर्यंत भरपाई देतं. पण शोधणारा माणूस पैशांसाठी शोधत नसतो.

आणि एक विनंती. नॉर्थ कॅरोलायनात रॅले-केरीकडे आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला ती स्मोकीकडे जातात, आणि राज्याच्या डोंगराळ भागात अस्वलाचा हंगाम त्याच महिन्याच्या मध्यावर सुरू होतो. स्मोकीच्या राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे, पण बाहेरच्या डोंगरात नाही. तिथल्या रस्त्याकडेला अंगावर पट्टे असलेलं, बरगड्या दिसणारं, गळ्यात जाड पट्टा आणि त्यावर अँटेना असलेलं कुत्रं एकटंच उभं दिसलं, तर बेवारस समजून गाडीत घेऊ नका. पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असतो आणि मालक त्याच्याच दिशेनं निघालेला असतो.